बुशातले इमान

हलाल रोजीचा विषय निघाला की आपण लगेच व्याज, लाच आणि तराजू यांवर येतो. पण जे काम गिऱ्हाइकाला कधी दिसणारच नाही, त्यातले माप कोणी तपासायचे? मूर्तिजापुरात लेथवर जुन्या बुलेटचे काम पाहताना हा प्रश्न आम्हाला पडला.

बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. १९७० च्या सुमारास मूळ कंपनी तिकडे मिटली, पण तिचे बिडाचे इंजिन आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बनत राहिले. अशा इंजिनात क्रँकची पिन पोलादाची आणि बुशाचा पृष्ठभाग नरम धातूचा. झिजायचे ते बुशाने, पिनेने नव्हे, असा हिशेब. दोघांत तेलाचा थर राहील एवढीच फट हवी. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचा बुश दाबून बसवला की आतून आवळतो, म्हणून नंतर रीमर फिरवावा लागतो. तेलाचे भोकही समोरासमोर यावे लागते. फट जास्त झाली तर इंजिन ठोकते. कमी झाली तर तेल पोचत नाही, बुश धरतो आणि भर रस्त्यात मागचे चाक जाम होऊ शकते.

इंजिन पुन्हा बांधले की यातले काहीच दिसत नाही.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईकच स्वस्तात करून मागते, मग दोष कोणाचा? हा युक्तिवाद पोकळ नाही. गरिबाला स्वस्त काम लागतेच. "हा बुश फार दिवस टिकणार नाही," एवढे मिस्त्रीने सांगितले तर सौदा साफ आहे. पण सूट टिकण्यात देता येते, फटीच्या मापात नाही. कारण मागच्या सीटवर बसणारी बायको, मधे बसणारे मूल या सौद्यात नव्हतेच. त्यांच्या जिवावर सवलत देण्याचा अधिकार ना गिऱ्हाइकाला, ना मिस्त्रीला.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे हजरत पैगंबरांनी (स.) व्यापाऱ्याला विचारले. ही हदीस आपण तुरीच्या, कापसाच्या व्यवहाराला लावतो. लेथलाही ती तितकीच लागू आहे. धान्याच्या ढिगात गिऱ्हाइकाला हात तरी घालता येतो. बांधलेल्या इंजिनात तोही घालता येत नाही. तिथली ओल कारागिरानेच वर आणून दाखवायची असते. त्याची रोजी हलाल की नाही, हे तिथे ठरते.