आजारी जोडीदाराच्या उशाशी



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला मी घरोघर जातो. अशाच एका घरून निघताना एक भगिनी मला दारापर्यंत पोहोचवायला आल्या. त्यांच्या पतीला पक्षाघात होऊन दीड वर्ष उलटले होते. आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "फादर, माझं आता प्रार्थनेत लक्ष लागत नाही. रोझरी हातात घेते, पण दुसऱ्या रहस्यापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच गोळीची वेळ होते. रविवारची मिस्सा चुकते. आले तरी मन घरीच असतं. देवापेक्षा मी ह्यांचाच विचार जास्त करते. हे पाप आहे का?"

मी घाईत होतो. आणखी चार घरे बाकी होती. "देवाची इच्छा. सहन करा, तो बळ देईल," असे काहीतरी बोलून मी निघालो. मोटारसायकल सुरू करताना लक्षात आले, की त्यांच्या प्रश्नाला मी उत्तरच दिले नव्हते. सहन कसे करायचे, हे त्यांनी विचारलेच नव्हते. त्या सहन करतच होत्या. त्यांना विचारायचे होते ते हे, की अशा दिवसांत श्रद्धेची नजर देवावर ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? त्या उत्तराचा प्रयत्न मी आज करीत आहे. मी संसारी माणूस नाही, ह्याची जाणीव ठेवूनच करीत आहे.

हा प्रश्न नवा नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका विवाहित स्त्रीने तो सोसला आहे. त्या म्हणजे संत लुईज द मारियाक. तरुणपणी त्यांना धर्मभगिनी व्हायचे होते, देवाला त्यांनी तसे वचनही दिले होते; पण प्रकृती नाजूक म्हणून मठात प्रवेश मिळाला नाही. १६१३ साली अंतवान ल ग्रा ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एक मुलगा झाला. पुढे काही वर्षांनी पती आजारी पडले. आजार लांबला, स्वभाव चिडचिडा झाला. लुईज रात्रंदिवस सेवा करीत होत्या आणि मनातून पोखरल्या जात होत्या. आपण देवाला दिलेले वचन मोडले, त्याची ही शिक्षा तर नसेल? पतीला सोडून देवाच्या सेवेला जावे का? पुढे तर आत्मा अमर आहे का, अशीही शंका त्यांना छळू लागली.

४ जून १६२३ रोजी, पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी, चर्चमध्ये प्रार्थना करीत असताना त्यांच्या मनातला हा काळोख फिटला. त्यांना उमगले, की आपण पतीजवळच राहायचे आहे. देवाला वाहिलेल्या जीवनाची वेळ पुढे येईल. हा अनुभव त्यांनी कागदावर लिहून ठेवला. पती बरे झाले नाहीत. डिसेंबर १६२५ मध्ये ते वारले, तोवर लुईज त्यांच्या उशाशी होत्या. त्यानंतर, १६३३ साली, संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्यासोबत त्यांनी 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' ही संस्था उभारली. व्हिन्सेंट ह्या भगिनींना शिकवीत, की प्रार्थनेत असताना एखाद्या गरीब आजाऱ्याने बोलावले तर निःशंक उठून जा. कारण ते देवाला सोडून देवाकडेच जाणे आहे. १९३४ साली ख्रिस्तसभेने लुईज ह्यांना संतपद दिले.

ह्या जीवनातून आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. आजार ही शिक्षा नव्हे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी कोणाचे पाप असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने ना त्याचे, ना त्याच्या आईबापांचे, असे स्पष्ट सांगितले. तरीही आजाऱ्याच्या घरी जाऊन "विश्वास कमी पडला" असे म्हणणारे भेटतात. बंधुभगिनींनो, असे कधीही म्हणू नका. संत पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून तीन वेळा प्रभूची विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. त्याचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल?

दुसरे उत्तर असे, की देव आणि जोडीदार हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. आपण समजतो, की मनात ठरावीक जागा आहे. पतीने जास्त व्यापली तर देवाला कमी उरेल. पण देव हा जगातल्या वस्तूंपैकी आणखी एक वस्तू नाही. विवाह संस्काराच्या दिवशी वेदीसमोर उभे राहून तुम्ही सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात साथ देण्याचे वचन दिलेत. ते वचन एकमेकांना दिलेत, तसे देवासमोरही दिलेत. अंथरूण बदलणे, भरवणे, कूस वळवणे ही त्या वचनाची आजची रूपे आहेत. मार्कच्या सातव्या अध्यायात, देवाला अर्पण केल्याचे निमित्त सांगून आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्यांना प्रभूने खडसावले आहे. प्रार्थनासभांना रोज जाणारा आणि घरी आजारी पत्नीच्या खोलीत पाच मिनिटे न बसणारा पती ह्या ठिकाणी स्वतःला तपासून पाहू शकतो.

पण मग सेवा हीच प्रार्थना, वेगळ्या प्रार्थनेची गरज नाही, असे म्हणावे का? तसे नाही. इथे तिसरी गोष्ट येते, आणि मला वाटते ती सर्वांत कठीण आहे. संत ऑगस्टीन ह्यांनी एक फरक शिकवला आहे. काही गोष्टी आपल्याला पुढे नेण्यासाठी असतात आणि एकच असा आहे, की ज्याच्या ठायी मनाने विसावायचे असते. माणसांवर प्रेम करायचे ते देवाच्या ठायी. आजारपणात हा क्रम नकळत उलटतो. बरे होणे हे अंतिम ध्येय बनते आणि देव तेथे पोहोचण्याचे साधन. मग रिपोर्ट चांगला आला की देव चांगला, रिपोर्ट वाईट आला की देव बहिरा. श्रद्धा रक्तदाबासारखी वर-खाली होते.

बरे होण्यासाठी प्रार्थना करू नये, असे मी म्हणत नाही. जरूर करावी. माहीमच्या नोव्हेनाला जावे, वेलंकणीच्या मातेला साकडे घालावे. प्रभूनेही गेथशेमानी बागेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. पण तो तेथे थांबला नाही. पित्याच्या इच्छेवर त्याने सारे सोपवले. सोपवणे म्हणजे औषध थांबवणे नव्हे. ह्या माणसाला वाचवणारी शेवटची व्यक्ती मी नाही, हे मान्य करणे म्हणजे सोपवणे. जिला हे मान्य होते, ती रात्री दोन तास निर्धास्त झोपू शकते. शेजारणीची मदत घेताना तिला अपराधी वाटत नाही. पती चिडून बोलला तरी ती कोलमडत नाही, कारण तिचा आधार त्याच्या शब्दांवर उभा नसतो. देवावर नजर ठेवल्याने जोडीदारावरचे प्रेम कमी होत नाही. त्यातली भीती कमी होते.

आणि राग आला तर? मार्था प्रभूला म्हणाली, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. ती तक्रारच होती, पण प्रभूच्या तोंडावर केलेली. पाठ फिरवून गप्प बसण्यापेक्षा अशी तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच.

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी. ईयोबाची पत्नी देवाला शाप देऊन मर म्हणाली, म्हणून आपण तिला नावे ठेवतो. पण दहा मुले तिचीही गेली होती आणि राखेत बसलेला तो तिचाच पती होता. ईयोबाच्या सांत्वनासाठी तीन मित्र आले. तिच्यासाठी कोणी आल्याची नोंद नाही. आपणही "त्यांना कसं आहे?" असे विचारतो; "तुम्ही जेवलात का?" असे विचारत नाही.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी मी त्या भगिनींकडे थोडा वेळ हाताशी ठेवून गेलो. ते पाप नाही, हे त्यांना सांगितले. आजाऱ्याजवळ दुसरे कोणी नसल्यामुळे मिस्सा चुकली तर दोष लागत नाही. गंभीर कारणासाठी ख्रिस्तसभेची धर्मशिकवण ही मुभा देते. गोळी देताना क्रुसाची खूण करून "प्रभू, हा तुझाच आहे" एवढे म्हणा, असे सुचवले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते करीन, फादर. पण मला मिस्साला यायचंय. एक तास कोणी ह्यांच्याजवळ बसेल का?"

इतकी साधी मागणी होती आणि दीड वर्षात आपल्यापैकी कोणी ती ऐकली नव्हती, मीसुद्धा नाही. आता शेजारचे दोघे जण आळीपाळीने बसतात. गेल्या रविवारी त्या सातच्या मिस्साला आल्या होत्या.

तुमच्या आळीत असे घर असेल तर मिस्सानंतर मला किंवा ऑफिसात कळवा. आजाऱ्याला तैलाभ्यंग संस्कार हवा असेल तर शेवटच्या घटकेची वाट पाहू नका. तो संस्कार बळ देण्यासाठी आहे. आणि तुमच्याकडे एक तास असेल, तर तेही सांगा.

प्रभू तुम्हा सर्वांना, विशेषतः आजाऱ्यांच्या उशाशी जागणाऱ्यांना, आपली शांती देवो.

आपला,
धर्मगुरू