दार उघडा, पण फक्त माझ्यासाठी

‘सर्व माणसं समान’ म्हणत जन्मलेल्या अमेरिकेने १७९० च्या कायद्यात बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांनाच नागरिक व्हायची मुभा दिली. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी झाली आणि चारच वर्षांनी न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला. हा ढोंगीपणा चटकन दिसतो. मला जास्त छळतो तो दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा युक्तिवाद.

१९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन; तुम्ही त्यात बसत नाही. तीनच महिन्यांनी पंजाबातून आलेले, अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड म्हणाले, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच आहे. तेव्हा तेच न्यायालय म्हणालं, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले!

पण थिंड यांच्या बाजूने जातीचाही आधार घेतला गेला: ते उच्च जातीचे आर्य, म्हणून रक्त शुद्ध. म्हणजे नियम चूक नाही, फक्त मला त्यात बसवा.

त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आशियाई माणसाला त्या कायद्यात दुसरी वाटच नव्हती. अडलेल्या माणसाने आधी तत्त्व सांभाळावं, असं सुरक्षित घरात बसून मी कसं म्हणू? तरी एक गोष्ट विसरता येत नाही. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण कोटा होता वर्षाला जेमतेम शंभर जणांचा. दार खरं उघडलं ते १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने वंशभेदाची लाज वाटायला लावल्यावर. ज्यांच्यापेक्षा आपण वरचे, असं कोर्टात सांगितलं गेलं, त्यांच्याच लढ्यामुळे आपली माणसं आत गेली.

आज व्हिसाच्या रांगेतले आपले मित्र म्हणतात, “आम्ही शिकलेले, टॅक्स भरणारे, आम्ही त्यांच्यासारखे नाही.” म्हणणं खोटं नाही. पण ‘त्यांच्यासारखे नाही’ हा पुरावा कोण मागतंय आणि आपण तो इतक्या उत्साहाने का देतोय?

२१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटल शहराने जातीभेदावर बंदी घातली. मागणी करणाऱ्यांत भारतीय होते, विरोध करणाऱ्यांतही. थिंड यांच्या निकालाला तेव्हा शंभर वर्षं आणि दोन दिवस झाले होते. यजमानाने शब्द पाळला नाही हे खरंच. पण समानता आपल्यालाही हवी होती की फक्त वरची जागा, हे आपणच सांगायचं आहे.