धायटी आणि कुजकं खोड



आज गीतेतली दोन ठिकाणं चिंतनाला घेतली आहेत. दहाव्या अध्यायात (10.35) भगवंत सांगतात, ऋतूंमधला फुलांचा वसंत मी आहे. लगेच पुढच्या अध्यायात (11.32) तेच सांगतात, सगळ्यांचा क्षय करणारा काळही मीच. पहिलं वाचताना हात आपोआप जोडले जातात. दुसरं मी नेहमी भरभर वाचून पुढे जायचो.

फेब्रुवारीत गावी गेलो तेव्हा आलापल्लीच्या रस्त्याला धायटी लालभडक फुलली होती. शेजारीच ऐनाचं पडलेलं खोड, त्यावर बुरशीचे वाळके पंखे. फोटो मी धायटीचाच काढला. खोड बघून मनात आलं, सडलंय.

पण लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन फोडणं फार थोड्या जीवांना जमतं. ते काम बुरशी करते. खोडात अडकलेलं सत्त्व मातीत परत येतं, आणि धायटीची मुळं तेच घेतात. गंमत म्हणजे आसव-अरिष्ट आंबवायला धायटीचीच फुलं घालतात, आणि आंबवणारं यीस्ट हीसुद्धा बुरशीचीच जात!

आमच्या कामातही असंच. वापरून झालेली मेमरी प्रोग्रामने सोडली नाही, तर सर्व्हर कितीही मोठा घ्या, एक दिवस बंद पडतो.

हे कळायला सोपं आहे. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, त्यांची खोली मी तशीच बंद ठेवली होती. आई म्हणायची, "कपडे कुणाच्या तरी अंगाला लागू दे रे." मी नाही म्हणायचो, आणि त्याला प्रेम समजायचो.

मग नाश चांगलाच म्हणायचा का? तसं नाही. जिवंत झाडाला पोखरणारी बुरशीही असते. जे संपलंय ते सोडणं वेगळं, आणि जे जगतंय त्याला कुजू देणं वेगळं. आई रोज त्या बंद दारापाशी थांबते, हे मला दिसत होतं. जपायला हवं होतं तिला, आणि मी जपत होतो कपाट.

रविवारी दार उघडलं. एक स्वेटर ठेवून घेतला, बाकी आईने वाटून टाकलं. रडलो दोघंही. पण संध्याकाळी तिने त्या खोलीत दिवा लावला.

तुमच्या घरात असं एखादं बंद दार आहे का? आज जपाला बसाल तेव्हा वसंताबरोबर त्या काळालाही एक नमस्कार करून बघा.

हरि ॐ.