रिकामी वाटी

तोक्योत परक्या देशातून आलेल्या माणसाला भाड्याचं घर सहजासहजी मिळत नाही. हमीदार लागतो, पुष्कळदा मालकाला परत न मिळणारी रक्कम भेट म्हणून द्यावी लागते, आणि परदेशी भाडेकरू म्हटला की मागे सरणारे मालकही असतात. म्हणून सांगलीहून नोकरीसाठी गेलेल्या मृणालनं नाकानो भागातल्या एका शेअर हाऊसमध्ये खोली घेतली. खोली तिची एकटीची. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बैठकीची खोली सगळ्यांची. तोझाई मेट्रोनं ओतेमाचीतलं ऑफिस थेट गाठता येई आणि त्याच मार्गावर पुढे निशी-कासाईला भारतीय दुकानांत तूरडाळ मिळे.

मृणाल शिस्तीची. जळणारा कचरा ठरल्या दिवशी सकाळी ८ च्या आत बाहेर ठेवून कावळ्यांपासून बचावासाठी लावलेली जाळी ती नीट ओढून घेई. ओटा पुसल्याशिवाय स्वयंपाकघर सोडत नसे. फ्रिजमधल्या आपल्या कप्प्यापलीकडे तिचा हात कधी गेला नाही. मीठ संपलं तर भर पावसात दुकानात जाई, पण शेजारच्या बरणीतलं चिमूटभर मागत नसे. ‘कुणाचं घेणं नको, कुणाचं देणं नको’ हा तिचा नेम होता. घरातले सगळे तिला मान देत. तिच्या दारावर मात्र कुणी टकटक करत नसे.

जानेवारीतल्या एका रात्री तिला ताप भरला. उलट्या थांबेनात. दुकान कोपऱ्यावरच होतं, पण जिना उतरण्याचं त्राण नव्हतं. घराच्या ग्रुपवर तिनं चार शब्द लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी समोरच्या खोलीतल्या सुनीताला निरोप गेला : ‘थोडं मीठ आणि साखर मिळेल का?’

सुनीता नेपाळची. दिवसा जपानी भाषेची शाळा, संध्याकाळी दुकानात काम. ती मीठ-साखर घातलेलं पाणीच घेऊन आली आणि उशाशी बसली. घरातल्याच हारुकानं #७११९ या सल्ला क्रमांकावर फोन लावला, मृणालची लक्षणं जपानीत सांगितली आणि उघडा दवाखाना शोधून दिला. वरच्याच घरातल्या व्हिएतनामच्या मिन्हनं टॅक्सी आणली. दुसऱ्या दिवशी सुनीतानं डाळ-तांदळाचं मऊ जाउलो वाटीत भरून दाराशी आणलं. आजारपणातली मऊ खिचडीच ती.

बरी झाल्यावर मृणालनं वाटी घासली आणि सुनीताच्या फळीवर ठेवायला निघाली. ठेवता ठेवता थांबली. सांगलीच्या घरातून शेजारची वाटी कधी रिकामी परत गेली नव्हती. मग चिबा प्रांतातले शेंगदाणे आणले, ते खरपूस भाजले, लसूण आणि लाल तिखट घालून कुटले आणि वाटी चटणीनं भरून सुनीताचं दार वाजवलं.

सुनीतानं बोट बुडवून चटणी चाखली आणि हिंदीत म्हणाली, “दीदी, एक सांगू? तुला कधी कुणाकडून काही लागायचं नाही. मग तुझ्याकडे काही मागायला आमची जीभ रेटायची नाही. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला मला गणित आहे. शिकवशील का, हे किती दिवस मनात होतं.”

“उद्यापासूनच बसू,” मृणाल म्हणाली.

रविवारी बैठकीच्या खोलीत वह्या उघडू लागल्या. हारुका आपले इंग्रजी अर्ज तपासायला आणू लागली. मिन्ह शेंगदाण्याची चटणी भाताशी खाऊ लागला आणि बरणी संपली की न संकोचता मागू लागला. मृणालही आता मीठ संपलं की शेजारचं दार ठोठावी. कचऱ्याचा वार आणि ओट्याची स्वच्छता पूर्वीइतकीच काटेकोर राहिली. त्या शिस्तीमुळेच तर एवढी निरनिराळी माणसं एका छताखाली सुखानं नांदत होती. फरक एवढाच की आता संध्याकाळी उशीर झाला, तर ‘कुठे आहेस?’ म्हणून विचारणारं कुणीतरी घरात होतं.

तात्पर्य : कुणाला त्रास न देणं ही सभ्यता आहे, आणि परमुलखात ती पाळलीच पाहिजे. पण जो कधीच काही मागत नाही, तो इतरांनाही मागण्याची वाट बंद करतो. गरजेला हात पुढे करावा, मिळालेलं मनापासून घ्यावं आणि परतफेड करताना वाटी भरून द्यावी. अनोळखी माणसं एकमेकांची होतात ती अशा देण्याघेण्यातून.