दान आणि देणे

मराठी भाषेत 'देणे' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. आपण दुसऱ्यास काही अर्पण करतो तेही देणे, आणि दुसऱ्याचे जे ऋण आपल्याकडे थकलेले असते तेही देणेच. पहिल्या अर्थाने देणारा मनुष्य दाता ठरतो. दुसऱ्या अर्थाने तो ऋणको असतो. व्यवहारात या दोहोंची फार गल्लत होते. पुष्कळ वेळा आपण देणे फेडीत असतो आणि समजतो की दान करीत आहोत. कित्येकदा तर घरचे देणे तसेच ठेवून बाहेर दान करावयास निघतो. ही गल्लत माझ्या हातून कशी झाली आणि ती ध्यानात कशी आली, एवढेच येथे सांगावयाचे आहे. मी महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी आहे. वडीलधाऱ्या गृहस्थाश्रमी वाचकांस उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. जे घडले ते मांडतो आणि त्यावरून मनात आलेला विचार त्यांच्या विवेकापुढे ठेवतो.

आमचे कुटुंब लखनौचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आले आणि इकडचेच झाले. ज्या नगरात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली संगीताचे विद्यालय उभे केले, तेथे मराठी माणसास फारसा परकेपणा वाटत नाही. गोमतीच्या उत्तरेस महानगर नावाची वसाहत आहे. तेथे आमचे घर. या वसाहतीपासून थोड्याच अंतरावर कुकरैल नाल्याच्या काठी अकबरनगर ही दाट वस्ती होती. आमच्या भागातील कितीतरी घरांची धुणीभांडी व झाडलोट त्या वस्तीतील स्त्रियांच्या हातून होत असे. जून २०२४ मध्ये ती वस्ती हटविण्यात आली आणि तेथील कुटुंबांना नदीपलीकडे, हरदोई रस्त्याच्या बाजूस, बसंतकुंज येथे घरे देण्यात आली. आमच्याकडे काम करणारी बाई त्यांपैकीच एक. मी तिला लहानपणापासून 'चाची' म्हणतो.

महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदविले. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी आणि सात दिवसांच्या एका शिबिरात राहावे, असा तिचा नियम आहे. 'मी नव्हे, आपण' असा तिच्या ब्रीदाचा आशय. ब्रीद उदात्त आहे. माझा हेतू मात्र तितका उदात्त नव्हता. पुढील प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र उपयोगी पडते, असे मला वडील विद्यार्थ्यांनी सांगितले होते. सेवेची आवड अजिबात नव्हती असे नाही. परंतु प्रमाणपत्र नसते तर ती आवड मला रविवारी सकाळी अंथरुणातून उठविण्याइतकी बळकट होती, असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

आमच्या पथकाने बसंतकुंजातील मुलांना रविवारी शिकविण्याचे ठरविले. जाण्यायेण्यास बस मिळाली. तिसऱ्या रविवारी वह्या, पेन्सिली व साबणाच्या वड्या वाटल्या. वाटताना छायाचित्रे घेतली गेली. मी मुलांना स्वच्छतेचे महत्त्व समजावून सांगितले. तेवढ्यात पाऊस आला आणि सगळे आडोशाला धावले. मी ज्या दारात जाऊन उभा राहिलो ते दार चाचीचे निघाले. ती तेथे राहते हे मला ठाऊक असावयास हवे होते. परंतु ती कोठे राहते हे मी कधी विचारलेच नव्हते.

तिने मला घरातील एकुलत्या एका खुर्चीवर बसविले. फळीवरून बशीसह एक फुलाफुलांचा कप काढला, दोनदा धुतला आणि त्यात चहा दिला. साखर कमी तर नाही ना, असे विचारले. मग कौतुकाने म्हणाली, 'किती लांब आलात! भाडे किती पडले?' मी म्हटले, 'आमची बस आहे.' त्यावर ती सहज बोलून गेली, त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पूर्वी ती आमच्याकडे पायी दहा मिनिटांत येई. आता दोन वाहने बदलावी लागतात. पूर्वी चार घरी काम होते. आता वेळेवर पोहोचता येत नाही म्हणून दोन घरे सुटली. उरलेल्या दोहोंपैकी एका घरचा पगार जवळजवळ सगळा भाड्यातच जातो.

हातातील कप मला एकाएकी जड वाटू लागला. आमच्या घरी चाचीसाठी एक पेला निराळा ठेवलेला असे. मोरीजवळच्या कोनाड्यात त्याची जागा. त्यात तिला चहा दिला जाई, ती तो स्वतः धुऊन परत तेथेच ठेवी. हा प्रकार कोणी ठरविला, कधी ठरविला, हे घरात कोणासही सांगता आले नसते. त्या दिवशी परत आल्यावर माझ्या नोंदवहीत सेवेचे चार तास लिहिले गेले. चाचीचे रोजचे येण्याजाण्याचे तास कोणत्याच वहीत लिहिले जात नव्हते.

त्या रात्री जेवताना मी मोठ्या आवेशाने बोललो. आपण किती अन्यायी आहोत, हे वडीलधाऱ्यांना ऐकविले. आईने सारे शांतपणे ऐकून घेतले. माझी आई कठोर नाही. दिवाळीस चाचीला नवी साडी, तिच्या मुलीला पुस्तके, आजारपणात पैसे, हे सारे ती न मागता देत आली आहे. ती म्हणाली, 'हे तुला तिथे जाऊन दिसले. इथे वीस वर्षे त्याच मोरीवर तू हात धुतोस, तो पेला तुला कधी दिसला नाही? तुझे उष्टे ताट ती घासते. ते ताट उचलून मोरीत ठेवण्याचे कष्ट तरी तू कधी घेतलेस का?' मला उत्तर सुचले नाही. इतरांस दोष देताना मी स्वतःस न्यायाधीशाच्या आसनावर बसविले होते; आईने मला आरोपींच्या रांगेत आणून उभे केले, आणि तीच माझी खरी जागा होती.

या विचारात असता याच लखनौ नगरातील एक जुनी घटना मला आठवली. डिसेंबर १९१६ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. लोकमान्य टिळक त्यास उपस्थित होते. याच अधिवेशनात चंपारणातील राजकुमार शुक्ल नावाचे शेतकरी गांधीजींना भेटले आणि निळीच्या मळेवाल्यांखाली रयतेची काय दशा झाली आहे ते पाहण्यास चला, असा त्यांनी ध्यास घेतला. पुढच्या वर्षी गांधीजी चंपारणात गेले. बिहारमधील नामांकित वकील त्यांच्या साहाय्यास आले. ते खरोखर त्यागी पुरुष होते; परंतु प्रत्येकाबरोबर नोकर व स्वयंपाकी असे आणि प्रत्येकाची चूल निराळी मांडली जाई. गांधीजींनी हळूहळू त्यांचे मन वळविले. नोकरांना निरोप मिळाला, सर्वांचा स्वयंपाक एकत्र होऊ लागला. रयतेचे गाऱ्हाणे लिहून घेण्याइतकेच ती चूल एक होणे महत्त्वाचे होते, असे मला वाटते. जो आपल्या मुक्कामी भेद जपतो, त्याने दुसऱ्याच्या अंगणातील अन्याय दूर करावयाचा तो कसा?

त्याच कार्यात महाराष्ट्रातून मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले व त्यांचे पती, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन, डॉक्टर देव अशी मंडळी गेली आणि खेड्यांत शाळा व औषधोपचार यांची कामे त्यांनी केली. भितिहरवा गावाजवळच्या एका खेड्यात स्त्रियांची वस्त्रे फार मळलेली दिसली. त्या ती धूत का नाहीत हे विचारावे, म्हणून गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. तेव्हा एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि घर दाखविले. अंगावर होते त्याखेरीज दुसरे लुगडे त्या घरात नव्हते. ते धुवावयाचे तर नेसावयाचे काय? साबणाच्या वड्या वाटताना मी स्वच्छतेवर जे व्याख्यान दिले होते, ते ही हकीकत आठवताच मला आठवले. सेवा करावयास जाणाऱ्याने प्रथम शिष्य व्हावे लागते. गरिबाच्या दारात आपण गुरू म्हणून उभे राहिलो, की त्याचे घर आपल्याला दिसतच नाही.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य वेळी व योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असता दिलेले ते राजस. अनादराने व अवहेलनेने दिलेले ते तामस. या मापाने मोजले असता प्रमाणपत्रासाठी खर्च केलेले माझे तास राजस ठरतात, हे समजणे सोपे आहे. कठीण गोष्ट पुढची आहे. प्रेमाने दिलेली नवी साडीसुद्धा कोनाड्यातील निराळ्या पेल्याशेजारी ठेवली, की तिच्यावर अनादराची छाया पडते. वस्तू चांगली, भावना चांगली. परंतु ज्या नात्यातून ती दिली जाते ते नाते तिला डागाळते.

त्याहूनही खोल विचार तिसऱ्या अध्यायात आहे. इतरांच्या योगाने जे मिळाले ते त्यांस परत न देता जो एकटाच भोगतो, त्यास भगवंत चोर म्हणतात. हा शब्द कठोर आहे. पण थोडा विचार केला असता तो यथार्थ वाटतो. माझा अभ्यासाचा वेळ कोठून येतो? मी वाचीत बसतो तेव्हा माझे ताट, माझे कपडे, माझी खोली कोणीतरी स्वच्छ करीत असते. तिच्या श्रमांतून मिळालेल्या फुरसतीत मी तिच्याच वस्तीत जाऊन तिच्या मुलीला एक पेन्सिल देतो, आणि त्यास सेवा म्हणतो! पेन्सिल देऊ नये असे नव्हे. ती देणे फेडण्याची सुरुवात आहे, दान नव्हे, एवढे ओळखावे.

येथे कोणी विचारील की समदृष्टी ही अंतःकरणाची गोष्ट आहे. व्यवहारात भेद राहणारच. हे म्हणणे अर्धे खरे आहे. रोग्यास पथ्याचे अन्न, बालकास दूध, वृद्धास मऊ आसन, असा भेद व्यवहारात असतो आणि असावाही. कारण ज्याच्यासाठी तो केला जातो त्याच्या गरजेतून तो जन्मास येतो. परंतु निराळा पेला चाचीच्या कोणत्या गरजेतून आला होता? जो भेद दुसऱ्याच्या हिताकरिता असतो तो प्रेमाचेच एक रूप आहे. जो केवळ आपली उंची राखण्याकरिता असतो, त्यास व्यवहार हे नाव देऊन अंतःकरण मोकळे होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक सतावीत होता. हेतू शुद्ध नसेल तर सेवा सोडून द्यावी काय? तसे केले तर ते आळसाला मिळालेले एक उत्तम निमित्त होईल. प्रत्येक कर्मास काही ना काही दोष चिकटलेला असतो, तेवढ्यावरून कर्तव्य टाकू नये, असा गीतेचा अभिप्राय आहे. माझ्याच बाबतीत पाहिले तर प्रमाणपत्राच्या लोभाने का होईना, मी चाचीच्या दारापर्यंत पोहोचलो. लोभाने मला दारापर्यंत नेले. उंबरठ्याच्या आत मात्र ते प्रमाणपत्र काही उपयोगाचे नव्हते. म्हणून रविवारचा वर्ग मी सोडला नाही. फक्त तेथे जाताना मी देण्यास निघालो आहे, ही समजूत सोडण्याचा यत्न करतो.

आता घरी काय झाले तेही सांगितले पाहिजे. वडिलांनी दुसऱ्या दिवशी हिशेबाची वही काढली. चालू पगार ती पायी येत होती तेव्हा ठरलेला होता. त्यांनी तो वाढविला आणि भाड्याची रक्कम निराळी धरली. चाचीस हे सांगितले तेव्हा तिने विचारले, 'काम कोणते वाढले?' वडील क्षणभर गप्प राहिले. 'काम तेवढेच आहे. आमच्याकडूनच कमी येत होते,' असे ते म्हणाले. आईने कोनाड्यातील पेला उचलून फळीवरच्या पेल्यांत ठेवला; सगळे एकाच घाटाचे असल्याने तो कोणता हे आता ओळखू येत नाही. तरी पुढे कितीतरी दिवस चहाच्या वेळी चाचीचा हात सवयीने त्या रिकाम्या कोनाड्याकडे जाई. तो हात पाहून मला कळले की पगार एका दिवसात वाढविता येतो. परंतु इतक्या वर्षांत आपण दुसऱ्याच्या मनावर जे बिंबविले ते एका दिवसात पुसता येत नाही. मी माझे ताट आता स्वतः घासतो. ही काही मोठी गोष्ट नव्हे. वीस वर्षांच्या थकबाकीतील तो एक लहानसा हप्ता आहे.

आपण गृहस्थ आहोत. अन्नदान, विद्यादान, औषधदान यांची आपल्या कुळांतून परंपरा आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु बाहेर दानासाठी हात पुढे करण्यापूर्वी आपल्याच मोरीजवळच्या कोनाड्याकडे एकदा पाहावे. ज्यांच्या श्रमांवर आपले घर उभे आहे त्यांचा पगार वेळेवर व पुरेसा जातो काय, ते आजारी पडले तर तो कापला जातो काय, ते आपल्या घरात कोठे बसतात व कशातून पाणी पितात, हे स्वतःस विचारावे. तेथील देणे फिटले म्हणजे पुढचे दान आपोआप निर्मळ होईल. सर्वांच्या हृदयात वसणाऱ्या भगवंताने आपणांस दात्याच्या अभिमानापासून दूर ठेवावे आणि ऋणाची जाणीव द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.