शिलकीचं लोखंड

जुन्या इंजिनाचं हेड उतरवलं की मुरलेला मिस्त्री मापाचं साधन काढण्याआधी सिलिंडरमध्ये बोट घालतो. भिंतीवरून नख वर सरकवत नेलं की तोंडापासून जरा खाली ते अडकतं. तिथे एक बारीक कड असते. पिस्टनची सर्वांत वरची रिंग जिथवर पोचते त्याच्या वरचं लोखंड जसंच्या तसं राहिलेलं असतं आणि खालचं झिजलेलं. जळणाऱ्या वायूंचा दाब त्याच जागी सर्वाधिक, ऑइलचा थर त्याच जागी सर्वांत पातळ आणि रिंग दिशा बदलताना क्षणभर थबकते तीही तिथेच. शिवाय कनेक्टिंग रॉड पिस्टनला ज्या बाजूला रेटतो ती बाजू अधिक खाल्ली जाते, म्हणून भोक नुसतं रुंदावत नाही, त्याचा गोलही बिघडतो. ऑइल वेळेवर बदललं की नाही, एअर फिल्टरकडे कुणी लक्ष दिलं का, थंड इंजिन सुरू करून लगेच गाडी दामटली का, या सगळ्याचा जबाब त्या कडेच्या उंचीत मिळतो.

हे लिहिताना माझ्यासमोर जॅग्वारचं एक्सके इंजिन आहे. सहा सिलिंडर एका ओळीत, वर दोन कॅमशाफ्ट. याचा जन्म इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतला, आणि तोही दुसऱ्या महायुद्धातला. फोल्सहिलच्या कारखान्यावर रात्री आगीची राखण करावी लागे. मालक विल्यम लायन्स यांनी पाळ्या अशा लावल्या की विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे इंजिनाचे जाणकार त्यांच्याबरोबर एकाच वेळी जागे असावेत. आकाशात बाँबफेकी विमानांची धास्ती आणि खाली ही माणसं शांततेच्या काळातल्या आरामगाडीचं इंजिन कागदावर उतरवत बसलेली. हेडच्या रचनेला पुढे हॅरी वेस्लेक यांचा हात लागला. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात हे इंजिन लोकांसमोर आलं तेव्हा त्याची क्षमता ३४४२ घनसेंटिमीटर होती. १९५१ ते १९५७ या काळात याच इंजिनाच्या गाड्यांनी ल मां इथली चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. १९६८ साली आलेल्या एक्सजे-६ या शांत, मऊ, राजस गाडीतही तेच धडधडत होतं, आणि १९९२पर्यंत डेम्लरच्या लांबलचक लिमोझिनमध्ये टिकून राहिलं. चव्वेचाळीस वर्षं. बॉनेट उघडल्यावर ते देखणंही दिसलं पाहिजे, असा लायन्स यांचा आग्रह होता. कॅमवरची ती दोन चकचकीत झाकणं पाहिली की तो आग्रह किती खरा होता ते पटतं.

मला मात्र त्याचं खरं सौंदर्य न दिसणाऱ्या जागी वाटतं. ब्लॉक बिडाचा आहे आणि भोकांभोवतीची भिंत आजच्या गरजेपेक्षा जाड ठेवलेली आहे. मूळ मापापेक्षा इंचाच्या दहा, वीस आणि तीस हजारांशांनी मोठे पिस्टन कंपनीच पुरवत होती. म्हणजे पहिल्या दिवशी इंजिन ओतणाऱ्याला ठाऊक होतं, की हे झिजणार, कुणीतरी ते खोलणार आणि झिजलेला थर खरवडून पुन्हा गोल भोक पाडणार. त्या अनोळखी माणसासाठी त्यानं लोखंड शिल्लक ठेवलं. तीस हजारांश म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर. पण या पाऊण मिलिमीटरमध्ये इंजिनाची दोन-तीन आयुष्यं मावतात. क्रँकशाफ्टचंही तसंच. जर्नल घासून बारीक करायची आणि तेवढीच जास्त जाड बेअरिंग घालायची.

टॅपेटखालच्या पॅडमध्ये ही दूरदृष्टी हातात धरून पाहता येते. व्हॉल्व्ह बारा, प्रत्येकाच्या डोक्यावर पोलादाची एक छोटी गोल चकती. या चकत्या सव्वीस जाडींत बनत. ०.०८५ इंचापासून ०.११० इंचापर्यंत, दर पायरीला इंचाचा एक हजारांश. प्रत्येकीवर इंग्रजी मुळाक्षर कोरलेलं, सर्वांत पातळ ती ‘ए’, सर्वांत जाड ती ‘झेड’. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट घासून घेतली की व्हॉल्व्ह जरा वर सरकतो, कॅम आणि टॅपेट यांच्यातली फट आवळते, म्हणून पातळ पॅड घालावं लागतं. ते बदलायला कॅमशाफ्टच काढावा लागतो, त्यामुळे बाराही फटी आधी फीलर गेजनं मोजून लिहून ठेवायच्या, मग कॅम उतरवून प्रत्येक जागचं अक्षर वाचायचं, वजाबाकी करून नवं अक्षर ठरवायचं. ‘आर’च्या जागी ‘एम’, ‘एम’च्या जागी ‘जी’. दर वेळी मुळाक्षरांत मागे यायचं, आणि ‘ए’च्या अलीकडे काही नाही. एखाद्या यंत्रानं स्वतःचं उरलेलं आयुष्य इतक्या स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हे एकदा ध्यानात आलं की जुनी गाडी ‘पहिल्यासारखी करणं’ या बोलण्यातला घोटाळा कळतो. पहिल्यासारखं काही होत नसतं. बोअर केलेला सिलिंडर नवा नसतो, एका मापानं मोठा झालेला असतो. प्रत्येक दुरुस्ती शिलकीतून काहीतरी उचलते आणि उचललेलं परत भरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात जुन्या इमारतींवरून हाच वाद पेटला होता. फ्रान्समध्ये वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांचं म्हणणं असं, की वास्तूला तिच्या पूर्ण रूपात आणावं, मग ते रूप पूर्वी कधी अस्तित्वात नसलं तरी चालेल. इंग्लंडमध्ये रस्किन यांनी १८४९ साली नेमकं उलट लिहिलं. त्यांच्या लेखी असा जीर्णोद्धार हा वास्तूचा नाशच होता. वेळच्या वेळी काळजी घ्या, पत्रा बसवा, टेकू द्या, पण खोटं तारुण्य आणू नका. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच विचारातून. आणि एक्सकेचं गाव असलेल्या कॉव्हेंट्रीला तर हा प्रश्न प्रत्यक्षच सोडवावा लागला. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री तिथलं मध्ययुगीन कॅथीड्रल बाँबहल्ल्यात जळालं. बेझिल स्पेन्स यांनी जुन्या भिंती तशाच उघड्या ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी नवं कॅथीड्रल उभारलं. १९६२ साली तिथे उपासना सुरू झाली.

इंजिनाला मात्र हा मार्ग मोकळा नाही. भग्नावशेष जपता येतो, भग्न इंजिन जपलं तर ते नुसतं ओझं. त्याला फिरायचंच असतं. म्हणून मला रस्किन यांच्यापेक्षा एकनाथ जवळचे वाटतात. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांत हातोहात नकला होताना शिरलेले अपपाठ काढले आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये असं बजावलं. ग्रंथ वाचला जावा म्हणून हात लावायचा, पण लागेल तेवढाच लावायचा. स्वतःची सही उठणार नाही याची दक्षता घ्यायची. इंजिन बांधणाऱ्यानं गिरवावा असा हा धडा आहे.

वर्कशॉपमध्ये त्याच्या उलट घडताना दिसतं. ‘उघडलंच आहे तर सगळंच काम करून टाकू’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून, म्हणजे भिंत हलकी घासून, नव्या रिंगा घातल्या तरी इंजिन उत्तम चालतं. तरीही घाईनं थेट तीसच्या मापावर बोअर केली जाते आणि मधली दोन मापं कायमची वाया जातात. हेडचंही तसंच. ते ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि एकदा पाणी संपून इंजिन उकळलं की हेड वाकतं. वाकलेलं हेड खालून घासून सपाट केलं की काम झालं असं वाटतं. पण वर कॅमशाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांची रांग वाकलेलीच राहते. उष्णता देऊन सावकाश सरळ करणं हे योग्य काम. त्याला वेळ लागतो आणि अशा कामाचा धीर असलेला माणूस शोधावा लागतो. नंतरच्या ४.२ लिटरच्या ब्लॉकमध्ये हेडचे लांब स्टड पाण्याच्या पोकळीतूनच खाली जातात. गंजरोधक कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं तर ते आतून गंजून बारीक होतात. त्यांच्यावर अडकलेलं हेड काढताना जोर लावून उपयोग नाही. रोज थोडं तेल, थोडी उष्णता, थोडी हालचाल.

प्रदर्शनातल्या चकचकाटाबद्दल मला फारशी आस्था नाही. कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी गुळगुळीत केलेली गाडी व्हिओले-ल-द्यूक यांच्या पंथातली. ब्लॉकवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला की किंमत वाढते, त्या निमित्तानं मूळ ब्लॉक भंगारात जाण्यापासून वाचतो, एवढं मात्र चांगलं होतं.

मुंबईकराला यातलं काहीच परकं वाटू नये. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनी टॅक्सींची इंजिनं याच हिशेबानं पुन्हा पुन्हा बोअर होत राहिली. महाग गाडी आणि टॅक्सी यांच्यात तेव्हा याबाबतीत भेद नव्हता, दोन्ही उघडण्यासाठी बनवलेल्या होत्या. हा करार नंतर मोडला. १९९६ साली जॅग्वारनंच नवं व्ही-८ आणलं. त्याच्या सिलिंडरांवर निकासिलचा अतिशय पातळ मुलामा होता. गंधकाचं प्रमाण जास्त असलेल्या इंधनानं तो खराब होऊ लागला आणि २०००पासून कंपनीला भोकात बसवायच्या लोखंडी नळ्यांकडे, म्हणजे लायनरकडे, परतावं लागलं. तो मुलामा कठीण होता, गुळगुळीत होता, त्यात घर्षण कमी होतं. मात्र पुढच्या मिस्त्रीसाठी त्यात काही राखलेलं नव्हतं. मुलामा गेला की बहुधा अख्खं इंजिनच बदललं जाई.

तीसचंही माप संपलेला एक्सके ब्लॉक समोर आला तर काय करावं? भोक आणखी मोठं करून लायनर ठोकावेत, पुन्हा मूळ मापाचे पिस्टन घालावेत आणि गाडी चालवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंत बाहेरून आणलेली असेल, पण हेन्स आणि बेली यांनी आखलेला मार्ग त्यातून पुढे चालू राहतो. मिस्त्रीकडून मी एवढंच मागेन: बोअरचं माप, क्रँकचं माप आणि बारा पॅडांची बारा अक्षरं त्यानं तारखेसह लिहून गाडीच्या कागदांत ठेवावीत. पुढचा माणूस हेड उतरवायला येईल तेव्हा किती लोखंड खर्च झालं आणि किती उरलं, हे त्याला खोलण्याआधीच कळलं पाहिजे.