आपण कोणत्या गावचे?

म्हैसुरास बदलून आल्यापासून मला हे चौथे वर्ष चालू आहे. आमच्या कचेरीचे काम आकड्यांचे. घरे किती, माणसे किती, शिकलेली किती, पाणी घरात येते की बाहेरून आणावे लागते, स्वयंपाक लाकडावर होतो की गॅसवर, हे सारे खेड्यांतून रकान्यांत भरून येते आणि आम्ही ते ताडून पुढे पाठवितो. २०११ च्या जनगणनेत म्हैसूर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांवर भरली, हे मी झोपेतही सांगेन. पण या ३० लाखांशी माझे नाते काय, हा प्रश्न मला तीन वर्षांत पडला नव्हता. तो एका म्हातारीने पाडला.

मंड्या जिल्ह्यात कालव्याखालच्या एका खेड्यात तपासणीसाठी गेलो होतो. चोहीकडे ऊस, वाऱ्यावर गुऱ्हाळाचा वास. ओट्यावर बसलेल्या आजीबाईंना मी मोडक्यातोडक्या कन्नडात घरची माणसे विचारली. त्या म्हणाल्या, "पाच." घरात त्या आणि त्यांची जाऊ, अशा दोघीच. मुलगा, सून आणि नातू कित्येक वर्षे बंगळूरला. मी कागदावर दोन लिहिले. ते पाहून त्यांनी विचारले, "निम्म ऊरु यावदु?" तुमचे गाव कोणते? मी सातारा जिल्ह्याचे नाव सांगितले. घरी कोण? म्हटले, आई. "तिला कोणी विचारले, तर ती किती सांगेल?"

मला उत्तर देता आले नाही.

आकड्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. जो मोजला जात नाही, त्याच्या वाट्याला शाळा येत नाही आणि दवाखानाही येत नाही. तिघांना मी इथे मोजले असते आणि बंगळूरलाही ते मोजले गेले असते, तर दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातला घास कमी झाला असता. एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब, ही व्याख्या रुक्ष खरी, पण अन्यायी नव्हे. मात्र आजीबाईंचे 'पाच' हेही असत्य नव्हते. मी विचारले, इथे राहते कोण. त्यांनी सांगितले, आपले कोण.

या दोन प्रश्नांमधले अंतर थोरांनाही ओलांडावे लागले आहे. म्हैसुरात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली याच भागातील एका खेड्यात अनेक महिने राहिले. पुढे १९७० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे झालेल्या जाळपोळीत, त्यांनी वर्षानुवर्षे सिद्ध केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती भस्म झाल्या. तेव्हा त्यांनी ते गाव स्मरणातून लिहावयास घेतले, आणि १९७६ साली त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. टिपणे जळाली तरी माणसे उरली होती; कारण ती केवळ टिपली गेली नव्हती, त्यांच्यात राहणे झाले होते. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' याच जातीचा. तो लिहिणारा गृहस्थही सरकारी नोकरच होता, हे आपण विसरू नये.

आता आपल्याकडे पाहू. बदलीच्या गावी राहणारे आपण एका चमत्कारिक स्थितीत असतो. जिथे मोजले जातो ते आपण आपले मानीत नाही, आणि जे आपले मानतो तिथे मोजले जात नाही. पाणी कावेरीचे पितो, मुले इथल्या शाळेत घालतो, आणि बोलताना म्हणतो, "इकडचे लोक." मीही म्हणत होतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरी वडील वारले. मी गेलो नाही. आपण परके, आज आहोत, उद्या नाही, अशी मनाची समजूत घातली. आणि त्याच महिन्यात गावी चुलत्यांच्या वर्षश्राद्धालाही गेलो नाही. तेव्हाचे कारण होते, रजा नाही. एकीकडे परकेपणा, दुसरीकडे दूरपणा. दोन्ही ढालींआड मी सुखरूप राहिलो.

म्हातारीच्या प्रश्नाने या ढाली गळून पडल्या. मला असे वाटते की मोजणी हीसुद्धा एक बांधिलकी आहे. म्हैसूरच्या आकड्यात माझा एक धरला आहे, म्हणून इथल्या शेजाऱ्याच्या दुःखात माझा वाटा आहे. आणि आईच्या मोजणीत मी आहे, म्हणून तिथलेही देणे चुकत नाही. एका ठिकाणचे ऋण दाखवून दुसऱ्या ठिकाणचे बुडविता येत नाही. माणसाला एकच गाव असते, ही समजूतच मुळात आळशी आहे.

तपासणीचे काम पूर्ववत चालू आहे. रकान्यात मी अजूनही दोनच लिहितो. तसेच लिहिले पाहिजे. मात्र उरलेल्या तिघांची नावे आता विचारतो. त्यासाठी कन्नड थोडे बरे शिकावे लागले.